पालकांच्या विनंतीवरून

रमिलाच्या दाखल्यावर, शाळा सोडण्याच्या कारणात
क्लार्कनं नेहमीचंच लिहिलं:
पालकांच्या विनंतीवरून.
तिचा बाप ऑफिसबाहेर उकिडवा बसला होता,
पांढऱ्या गाडीच्या सावलीत,
आणि विनंती सगळी गाडीतली माणसंच करत होती.

फी माफ. होस्टेल. वर्षाला दोन जोड बूट.
बापाला शाळेच्या बसवर क्लीनरची नोकरी.
नेहेते सर म्हणाले, पळवली.
आठवडाभर तेच, चहा गार होईस्तोवर,
पळवली जळगाववाल्यांनी आपली पिचर,
विहिरीवरची मोटार जाते तशी, रातोरात.

मी काही बोलले नाही.
तीन वर्षांपूर्वी चोपड्याहून आमच्याच संस्थेची जीप
सातपुड्यात चढली होती,
आणि परतताना चेअरमननी काच खाली करून पाहिलं होतं,
ज्वारीतल्या माळ्यावर उभी एक पोरगी
गोफणीनं किती लांबचं पाखरू उठवते.
तेव्हाही आश्रमशाळेच्या दाखल्यावर
हेच लिहिलं असेल कुणीतरी.

तिचा बॉल मी झेलला. तीन वर्षं,
जिनिंगमागच्या मैदानावर, उडत्या कापसात.
ग्लोव्हची शिवण उसवली की
केळीच्या सोपटाची दोरी वळून तीच शिवून द्यायची.
डाव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी
एक निळा डाग राहिला तो राहिलाच.
आई म्हणायची, मेंदीच्या जागी हे काय गं आणलंस.
मी एक बोट दाखवलं की वेगाचा, दोन दाखवली की हळू.
हळूच्या आधी ती अंगठ्यानं माती उकरायची,
जरा, मुंगी दाबावी इतकीच.
अनवाणी खेळायची तेव्हा.
समोर बसलेल्या मलाच ते दिसायचं.

फायनलच्या आदल्या रात्री सर ताट घेऊन शेजारी आले.
बऱ्हाटे, तू तिला ओळखतेस. काहीतरी असेलच,
प्रत्येकाचं असतं.
मी कळण्याच्या भाकरीचा तुकडा भरतात फिरवत राहिले.
नाही सर. काहीच नाही.
खोटं बोलताना माझा कुठला अंगठा हलतो
हे सरांना माहीत नसावं.

जळगाव. काळी माती रोलर फिरवून पाटीसारखी केलेली.
त्यांच्या पोरींच्या पाठीवर नावं छापलेली.
तिच्या पाठीवर: पावरा आर.
शेवटचा डाव. एक रन मागे. तिसऱ्या बेसवर जागृती,
आणि बॅट माझ्या हातात.
गर्दीतून कोणीतरी ओरडलं, हाण वं बहीण!
दोन स्ट्राइक गेले.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी बसायचे त्या उंचीवर पाहिलं,
तिथे आता दुसरीच बसली होती, कोऱ्या ग्लोव्हची.
मग नव्या बुटाचं टोक
जरासं हललं.

मी थांबले.
हळूसाठी थांबायचं असतं तेवढी थांबले.

बॉल आला
तेव्हा गेलेला होता.
मागे चामड्यावर आवाज झाला,
आयुष्यात पहिल्यांदा मी तो पाठीमागून ऐकला.

हे त्यांनी शिकवलं तिला,
की माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं?

टँकरच्या नळाशी भेटली. बूट हातात, पाय चिखलात.
आमच्या पोरी बघत होत्या, त्यांच्याही.
तिनं माझा डावा हात उलटा केला,
डागावर बोट ठेवलं.
दुखस का आजून?
आज नाही, मी म्हटलं, आज कुठे लागला हाताला.
ती हसली, की पाणी प्यायली, नीट दिसलं नाही.

त्यांच्या बसच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.
तिचा बाप होता.
त्यानं मला ओळखलं, मान हलवली,
पोरी मोजून आत घेतल्या
आणि दार ओढून घेतलं.